चिप नवी, चकती मुकी

यंत्राचा एखादा भाग झिजला की तो काढून त्या जागी नवा बसवावा, म्हणजे यंत्र पूर्ववत् चालू लागेल, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. सायकलची साखळी किंवा हातपंपाचा वॉशर यांच्या बाबतीत ती बहुधा खरीही ठरते. परंतु काही भाग असे असतात की ते एकटे बदलता येत नाहीत. आपल्या बालाघाट जिल्ह्यातील वडीलधाऱ्या मंडळींना गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपुरास जाणारी अडीच फूट रुंदीच्या रुळांवरील लहान गाडी चांगली आठवत असेल. तो मार्ग मोठ्या मापाचा झाला, तेव्हा दोन रुळांमधील अंतर वाढविण्याने काम संपले नाही. पूल, फलाट, डबे आणि एंजिने या सर्वांनाच नव्या मापाशी जुळवून घ्यावे लागले. यांपैकी एक गोष्ट जरी जुन्या मापाची राहती, तरी गाडी जागची हलली नसती.

जुन्या संगणकातील ‘डिस्क नियंत्रक’ नावाची चिप बदलताना नेमका हाच प्रसंग येतो. नवी चिप उत्तम स्थितीत असते, चकतीही शाबूत असते, तरीही संगणक चकतीवरील एक अक्षर वाचीत नाही. असे का होते, आणि दोष शोधण्याची शिस्तबद्ध रीत कोणती, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर असल्यामुळे विद्युत्शास्त्रातील सूत्रे येथे येणार नाहीत. आणि ती नसली तरी काही बिघडत नाही, असा आमचा अनुभव आहे.

शाळांमध्ये आलेला संगणक

उदाहरणासाठी आम्ही ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक घेतला आहे. इंग्लंडातील केंब्रिज येथील एकॉर्न या कंपनीने तो १९८१ साली बाजारात आणला. भारत सरकारने १९८४-८५ मध्ये शालेय संगणक-साक्षरतेचा ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला, त्यासाठी याच यंत्राची निवड झाली. शिक्षण मंत्रालय, इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता, आणि त्याखाली सुमारे १२,००० संगणक राज्य सरकारांमार्फत देशातील माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना वाटण्यात आले. पुढे मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्यात हेच यंत्र ‘युनिकॉर्न’ या नावाने तयार होऊ लागले. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कित्येक भारतीयांनी संगणकाच्या कळफलकाला पहिल्यांदा हात लावला तो याच यंत्राच्या.

या यंत्राच्या ‘मॉडेल बी’ या प्रकाराची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. आपल्या घरातील साध्यातल्या साध्या मोबाईलने काढलेले एक छायाचित्रही तीत मावणार नाही. तरीही या यंत्राचा वंश मोठा आहे. ज्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांचा ते घडविण्यात प्रमुख वाटा होता, त्यांनीच पुढे १९८५ साली ‘आर्म’ हा प्रोसेसर सिद्ध केला. आणि आज जगातील बहुतेक सर्व मोबाईल याच आर्मच्या वंशजांवर चालतात. तेव्हा हे जुने यंत्र म्हणजे आपल्या खिशातील यंत्राचे आजोबाच म्हणावयास हरकत नाही.

यंत्र बंद केले की त्याच्या स्मृतीतील सर्व मजकूर पुसला जाई. म्हणून तो ध्वनिफितीवर किंवा ‘फ्लॉपी’ नावाच्या लवचिक चकतीवर उतरवून ठेवीत. शिक्षकांनी रचलेले प्रश्नसंच, विद्यार्थ्यांनी लिहिलेले पहिलेवहिले प्रोग्राम अशा चकत्यांवर राहिले. त्यांपैकी बहुतेकांची दुसरी प्रत कोठेही नाही. नियंत्रकाची दुरुस्ती महत्त्वाची ठरते ती यासाठी. यंत्र बिघडले तर दुसरे मिळू शकेल. चकतीवरील मजकूर एकदा गेला की गेला.

नियंत्रकाचे काम

सव्वापाच इंची फ्लॉपी म्हणजे चुंबकीय लेप दिलेली प्लॅस्टिकची पातळ चकती. ती ड्राइव्हमध्ये मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे सेकंदाला ५ फेरे घेते. तिच्यावर एकात एक अशी ४० किंवा ८० अदृश्य वर्तुळे असतात. त्यांना ट्रॅक म्हणतात. एकॉर्नच्या मूळ पद्धतीत प्रत्येक ट्रॅकचे १० खंड, म्हणजे सेक्टर, आणि प्रत्येक सेक्टरमध्ये २५६ बाइट असतात. विद्यार्थ्यांनी गुणाकार करून पाहावा : ४० ट्रॅकांच्या एका बाजूवर १,०२,४०० बाइट मावतात, आणि ८० ट्रॅकांच्या बाजूवर त्याच्या दुप्पट.

चकतीवर अक्षरे नसतात, केवळ चुंबकत्वाची दिशा बदलल्याच्या खुणा असतात. ड्राइव्हचा ‘हेड’ त्या खुणांवरून विजेची स्पंदने निर्माण करतो. हेडला योग्य ट्रॅकवर नेणे, हवा असलेला सेक्टर फिरत फिरत खाली येईपर्यंत थांबणे, स्पंदनांचे बाइट बनविणे आणि शेवटी बेरजेसारख्या एका पडताळ्याने वाचन बिनचूक झाले की नाही ते पाहणे, ही सर्व कामे नियंत्रक करतो. या मूळ पद्धतीत दर ६४ मायक्रोसेकंदांना, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागांपैकी ६४ भागांत, एक बाइट तयार होतो. तेवढ्या अवधीत नियंत्रक प्रोसेसरला हाक मारतो, आणि प्रोसेसरने हातातील काम टाकून तो बाइट उचलावयाचा असतो. उशीर झाला तर चकती काही त्याच्यासाठी थांबत नाही.

येथे आपल्या जिल्ह्याचा एक धागा सांगण्यासारखा आहे. भरवेलीच्या खाणीतून निघणारे मँगनीज पोलादासाठी प्रसिद्ध आहे. परंतु मँगनीज, जस्त आणि लोह यांच्या ऑक्साइडांपासून जे ‘फेराइट’ बनते, ते चुंबकीय हेड तयार करण्यासाठी वापरीत आले आहेत. आणि मलाजखंडला ज्याची खाण आहे, त्या तांब्याच्याच बारीक रेषांवरून फलकावरील सर्व संदेश धावतात.

८२७१ आणि १७७०

मॉडेल बी यंत्रात डिस्कसाठी इंटेल कंपनीची ८२७१ ही चिप बसवीत. काही वर्षांतच ती दुर्मिळ आणि महाग झाली. शिवाय तिला ‘एफएम’ ही एकच लेखनपद्धती येत होती. तिच्या जागी वेस्टर्न डिजिटल कंपनीची १७७० ही चिप आली. तिला एफएम आणि ‘एमएफएम’ या दोन्ही पद्धती येतात.

या दोन पद्धतींतील भेद समजण्यासाठी आम्ही आमच्या घरातील उदाहरण देतो. आमची मातृभाषा कोकणी. ती गोव्यात देवनागरीत आणि रोमन लिपीत लिहितात, मंगळुराकडे कन्नड लिपीत, तर केरळात मल्याळम लिपीत. शब्द तोच, अर्थ तोच. परंतु मंगळुरी आप्ताचे पत्र वाचावयाचे तर कन्नड लिपी यावी लागते. ती येत नसेल तर कागद, शाई आणि डोळे उत्तम असूनही पत्र मुकेच राहते. एफएम आणि एमएफएम या अशाच दोन लिपी आहेत. एफएममध्ये प्रत्येक अंकासोबत वेळेची एक खूण लिहितात; एमएफएममध्ये ती खूण अवश्य तेथेच लिहितात. त्यामुळे तेवढ्याच जागेत दुप्पट मजकूर मावतो. एकॉर्नच्या पुढील पद्धतीत एका ट्रॅकवर १० ऐवजी १६ सेक्टर मावू लागले, आणि दोन्ही बाजू मिळून ८० ट्रॅकांची चकती ६,५५,३६० बाइट साठवू लागली.

आता अदलाबदलीतील अडचण पाहू. ८२७१ ला ४० पाय असतात, १७७० ला २८. म्हणून नवी चिप जुन्या जागी सरळ बसत नाही. ती एका लहान पटलावर बसवून ते पटल जुन्या सॉकेटात खोचावे लागते. एवढ्याने भागले असते तर बरे होते. परंतु दोन्ही चिपांना समजणाऱ्या आज्ञा निरनिराळ्या आहेत. त्या आज्ञा देण्याचे ज्ञान यंत्रातील ‘रॉम’ नावाच्या आणखी एका चिपमध्ये असते. त्या ज्ञानसंचास ‘डीएफएस’ म्हणतात. ८२७१ चा डीएफएस १७७० शी बोलू लागला, तर तो कन्नड वाचकाला मोडी पत्र देण्याचा प्रकार होतो. त्यातही एकॉर्न, वॉटफोर्ड, ओपस, सॉलिडिस्क अशा निरनिराळ्या उत्पादकांनी आपापली पटले काढली, आणि नियंत्रकाशी बोलण्याचे यंत्रातील पत्ते आपापल्या सोयीने ठरविले. म्हणून एका उत्पादकाचे पटल आणि दुसऱ्याचा रॉम यांचे जमेलच असे नाही, मग दोहोंवर १७७० हा आकडा का असेना.

दोष कसा शोधावा

पहिला नियम दुरुस्तीच्याही आधीचा आहे. जिची दुसरी प्रत नाही अशी चकती चाचणीसाठी कधीही वापरू नये. नियंत्रक आणि रॉम यांचे जमत नसताना यंत्र काय लिहील याचा नेम नसतो, आणि एका चुकीच्या लेखनाने अनुक्रमणिकाच पुसली जाऊ शकते. सव्वापाच इंची चकतीच्या कडेला एक चौकोनी खाच असते. तिच्यावर चिकटपट्टी लावली की त्या चकतीवर लिहिणे बंद होते. मोलाच्या प्रत्येक चकतीची खाच आधी झाकावी, ती चकती बाजूला ठेवावी, आणि चाचणीसाठी बिनमहत्त्वाची चकती घ्यावी.

दुसरा नियम जिवाच्या सुरक्षिततेचा. या यंत्राच्या वीजपुरवठ्यातील कागदी कपॅसिटर जुने झाले की त्यांच्या वेष्टनाला तडे जातात, त्यांत दमटपणा शिरतो, आणि वीज लावताच ते फुटून धूर होतो. पावसाळी हवेत हे विशेष घडते. वीजपुरवठ्याची पेटी जाणत्या कारागिराकडून आधी तपासून घ्यावी. विद्यार्थ्यांनी ती उघडू नये. यंत्राचे झाकण काढण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढलेला असावा.

तिसरा नियम शिस्तीचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक बदलाचा परिणाम वहीत लिहावा. चिप, रॉम आणि केबल तिन्ही एकदम बदलणारास यंत्र चालू झाले तरी का चालू झाले ते कळत नाही, आणि न झाले तर कोठे परत जावे तेही कळत नाही.

आता क्रमाने पाहू. प्रथम यंत्र सुरू करून ‘स्टार हेल्प’ ही आज्ञा द्यावी. तिच्या उत्तरात यंत्रात असलेल्या रॉमांची नावे आणि आवृत्त्या पडद्यावर येतात. डीएफएसचे नाव मुळीच आले नाही, तर नियंत्रकाकडे पाहण्याची अजून वेळ आलेली नाही. दोष रॉममध्ये किंवा त्याच्या सॉकेटात आहे. नाव आले, परंतु ते ८२७१ साठी असलेल्या आवृत्तीचे किंवा दुसऱ्या उत्पादकाचे असेल, तर दोष तेथेच सापडला. अशा विजोड जोडीत यंत्र बहुधा पहिल्याच ‘स्टार कॅट’ला, म्हणजे अनुक्रमणिका दाखविण्याच्या आज्ञेला, गोठून बसते.

रॉम योग्य असेल तर चिपा आणि पटल नीट बसले आहेत काय ते पाहावे. चिपेवरील खाच आणि सॉकेटावरील खाच एकाच दिशेस आहे ना? एखादा पाय सॉकेटात न जाता चिपेखाली दुमडला आहे काय? वरून पाहता असा पाय जागेवर असल्यासारखा वाटतो. म्हणून बाजूने, उजेडात पाहावे. पायांवर काळपट थर आला असल्यास चिप हळूच काढून, पाय स्वच्छ करून पुन्हा बसवावी. वर्षानुवर्षे बंद असलेल्या यंत्रात कित्येकदा एवढ्यानेच काम होते. पटलासोबत एखादी सुटी तार दिलेली असेल, तर ती उत्पादकाने सांगितलेल्या जागीच जोडली आहे, याची खात्री करावी.

त्यानंतर मुख्य फलकावरील ‘एस ९’ हा तारेचा लहान दुवा पाहावा. डिस्कची यंत्रणा नसलेल्या यंत्रात तो जोडलेला असतो, आणि ती बसविताना तोडावयाचा असतो. तो तसाच राहिला तर नियंत्रकाची हाक प्रोसेसरपर्यंत पोहोचत नाही. नियंत्रक हाका मारतो, प्रोसेसर वाट पाहत बसतो, आणि पाहणारा मात्र दोघांपैकी एकाला खराब ठरवितो.

मग पाळी येते केबल आणि ड्राइव्हची. ३४ तारांच्या पट्टीची रंगीत कडा दोन्ही टोकांस पहिल्या क्रमांकाच्या टाचणीकडे असावी. पट्टी उलटी बसली तर ड्राइव्हचा दिवा सुरू होताच लागतो आणि विझतच नाही. नव्या काळच्या संगणकातून काढलेला ड्राइव्ह जोडला असेल, तर तो स्वतःला बहुधा ० ऐवजी १ क्रमांकाचा ड्राइव्ह समजतो, हेही ध्यानात ठेवावे. यंत्र ० क्रमांकास बोलावीत राहते, आणि १ क्रमांकाचा अर्थातच उत्तर देत नाही.

आणखी एक फसवा दोष आहे. १७७० सारखीच दिसणारी १७७२ ही चिप तिच्या जागी बसते आणि चालतेही. हेडने एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाण्यास किती वेळ घ्यावा, याचे चार पर्याय दोन्हींत असतात : १७७० मध्ये ६, १२, २० आणि ३० मिलिसेकंद, १७७२ मध्ये ६, १२, २ आणि ३. म्हणजे जुन्या, संथ ड्राइव्हसाठी कोणी मुद्दाम ३० चा पर्याय ठेवला असेल, तर १७७२ त्याच आज्ञेला ३ समजून हेडला दहापट घाईने पळविते. संथ ड्राइव्ह मध्येच चुकतो, आणि दोष चकतीच्या माथी मारला जातो.

यंत्र काय सांगते ते ऐकावे

वाचन अयशस्वी झाले की डीएफएस एक क्रमांक आणि स्थान दाखवितो. ‘डिस्क फॉल्ट १८’ म्हणजे हवा असलेला सेक्टर सापडलाच नाही. ‘०ई’ म्हणजे सेक्टर सापडला, परंतु पडताळा जुळला नाही. सर्व चकत्यांवर, सर्व ठिकाणी १८ येत असेल तर चकत्या निर्दोष असून लिपी, केबल किंवा ड्राइव्ह यांत दोष असण्याचा संभव अधिक. एकाच चकतीवर, एकाच ठिकाणी ०ई येत असेल तर यंत्र ठीक असून त्या चकतीचा तेवढा भाग खराब झाला आहे.

विद्यार्थ्यांनी पुढील उदाहरणावर विचार करावा. समजा, नवे पटल बसविले, रॉमही योग्य आहे. ‘स्टार कॅट’ दिल्यावर अनुक्रमणिका बिनचूक दिसते. परंतु कोणतीही फाइल मागितली की १८ येते. चिप सदोष आहे काय? अनुक्रमणिका चकतीच्या सर्वांत बाहेरच्या, म्हणजे शून्याव्या ट्रॅकवर असते. ती नीट वाचली गेली, त्या अर्थी चिप, रॉम, केबल आणि लिपी ही चारही निर्दोष ठरली. हेड जागचा हलल्यावरच चूक होते. मग चकती ४० ट्रॅकांची आणि ड्राइव्ह ८० ट्रॅकांचा असला पाहिजे. हेड प्रत्येक वेळी निम्मेच अंतर चालत आहे. ड्राइव्हमागे ४० आणि ८० यांची कळ असल्यास ती फिरविली की फाइली वाचता येतात. मात्र अशा ड्राइव्हने ४० ट्रॅकांच्या जुन्या चकतीवर लिहू नये. त्याचा हेड अरुंद असल्याने जुना मजकूर पुरता पुसला जात नाही, आणि दोन्ही मजकुरांची सरमिसळ होते.

पाहिलेत ना, यंत्राने उत्तर आधीच दिले होते! जे चालते, त्यावरूनही अनुमान करावयाचे असते. न चालणाऱ्या भागाकडेच पाहत राहिले, तर दहापैकी नऊ वेळा निर्दोष चिप फेकली जाते.

कोणासाठी हा खटाटोप?

आज अशा यंत्राचा काय उपयोग, असे पालक विचारतील. नागपूरकर भोसल्यांच्या काळातील मोडी कागद कित्येक घरांत आणि दप्तरांत आहेत. कागद टिकला, शाई टिकली. वाचणारे मात्र उरले नाहीत म्हणून ते मुके झाले. मोडीचे जे दोनशे वर्षांत झाले, ते चकत्यांच्या बाबतीत वीस वर्षांतही होऊ शकते. इंग्लंडात १०८६ साली झालेल्या जमीनपाहणीचे ‘डूम्सडे’ नावाचे ग्रंथ आजही वाचता येतात. त्याच्या ९०० व्या वर्षी, १९८६ साली, बीबीसीने त्याच नावाचा नवा संग्रह लेसर-चकत्यांवर केला, तो वाचण्यासाठी बीबीसीचाच संगणक लागे. पुढील पंधरा-वीस वर्षांत तशी चालू यंत्रे इतकी विरळ झाली की तो संग्रह वाचविण्यासाठी संशोधकांना स्वतंत्र प्रकल्प हाती घ्यावा लागला.

म्हणून दुरुस्त झालेल्या यंत्राचे पहिले काम प्रती काढण्याचे असावे. आता यूएसबीने जोडता येणारी लहान पटलेही मिळतात. ती चकतीवरील चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून नव्या संगणकात उतरवितात. चकतीवर बुरशीचे ठिपके दिसत असतील तर ती ड्राइव्हमध्ये घालू नये; तिच्यावरचा लेप निघून येतो आणि हेडही खराब होतो. ती आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी.

कोणाच्या घरी, माळ्यावरील पेटीत किंवा शाळेच्या जुन्या कपाटात अशा काळ्या चौकोनी चकत्या आढळल्या, तर त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. त्यांना उन्हापासून, ओलीपासून आणि लोहचुंबकापासून दूर, उभ्या ठेवाव्यात. खाचेवर पट्टी लावावी. आणि वेष्टनावरील हस्ताक्षर पुसू नये, कारण आत काय आहे हे सांगणारे तेवढेच एक साधन असू शकते. मग एखादा विद्यार्थी वही-पेन्सिल घेऊन, एका वेळी एकच गोष्ट बदलीत, यंत्राच्या उत्तरांचा अर्थ लावीत बसला, तर चाळीस वर्षांपूर्वी त्याच्याच वयाच्या कोणा मुलाने लिहिलेला प्रोग्राम पडद्यावर पुन्हा उमटेल. असा विद्यार्थी आमच्या वाचकांतूनच निघावा, अशी आमची इच्छा आहे.